एक फेरी, मग बघू

२ ऑक्टोबर, गुरुवार. रम, आमचं वाळवंटातलं गाव

अम्मानच्या वर्गातल्या बाईंनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकेक वही दिली आणि म्हणाल्या, पहिल्या फेरीत रोज काहीतरी लिहा, पुढे वाचताना हसायला येईल. तर लिहिते. फिद्दा, सलामेहची मुलगी, वय सव्वीस, परीक्षा पास झालेली गाईड. आमच्या टोळीतली पहिली बाई गाईड, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मी घरी सांगितलं नाही. ऐकून इथे कुणी नाचणार नव्हतं.

आज फालेहकाका पुन्हा येऊन बसले. बाबांचे थोरले भाऊ. "लग्नाची पोर परक्यांना घेऊन गावोगाव हिंडणार? उद्या तिला पत्करणार कोण?" बाबा मान खाली घालून वाळूत काडीने रेघा ओढत होते. तीस वर्षं परक्या माणसांना वाळवंट दाखवलेला माणूस, पण थोरल्या भावापुढे तोंडातून अक्षर फुटत नाही. आमच्यात थोरल्याच्या शब्दावर शब्द ठेवत नाहीत, हे मलाही कळतं. पण 'पोर हुशार आहे' एवढं तरी म्हणायला काय जात होतं? शेवटी म्हणाले, "एक फेरी. मग बघू."

काका म्हणाले, "मग बघायचं काय त्यात? मग घरी बसायचं." त्यावरही बाबा गप्प.

म्हणजे ही फेरी झाली की नऊ महिन्यांचं शिक्षण चुलीत घालायचं? की फेरी चांगली झाली तर खरंच बघणार? 'बघू' म्हणजे काय, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला विचार." बापाला विचारायची छाती असती तर आईला कशाला विचारलं असतं?

जीप अबू नाइफ चालवणार. बाबांचा जुना मित्र. ओळखीतला म्हातारा माणूस बरोबर हवा, ही काकांचीच अट.

४ ऑक्टोबर, शनिवार. अम्मान

पाहुणे दोनच. ट्युनिशियाच्या कैरुआनचे बहीणभाऊ. तिकडे थोरल्या बाईला लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी. लल्ला बेय्या अडुसष्ट वर्षांच्या, चाळीस वर्षं सुईणपण केलेल्या, अंगाने भरलेल्या, बोलायला थोड्या. सी मुख्तार काटकुळे, रेल्वेत वेळापत्रक सांभाळायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून हवी असते. दोघं अरबीच बोलतात म्हणे! दहा शब्दांतले चार मला कळतात, माझे त्यांना किती कळतात अल्ला जाणे.

जेराशला गेलो. सी मुख्तारांनी पहिलाच प्रश्न टाकला, "या रस्त्यावर उभे खांब किती?" मी म्हटलं, "पुष्कळ." ते मोजायला निघून गेले. मग माझे सगळे सन उलटेपालटे झाले. एक सम्राट त्याच्या बापाच्या आधी राज्यावर बसला. सी मुख्तारांनी वहीत लिहून घेतलं आणि वहीकडेच बघत राहिले.

म्हटलं, आता गंमत दाखवू. देवळाच्या एका उंच खांबाखाली चमचा सरकवला. वारा आला की खांब किंचित डुलतो आणि चमचा वरखाली होतो. सगळे टाळ्या वाजवतात. सी मुख्तार दहा पावलं मागे सरकले. "हा पडणार. चला इथून."

लल्ला बेय्या सावलीत दगडावर बसून दिवसभर माझ्याकडेच बघत होत्या. मी विचारलं, "पाय दुखतात का?" म्हणाल्या, "नाही. तुझे हात बघते. मध्येच ते थांबतात, तेव्हा तू खोटं बोलत असतेस."

"खोटं नाही, पाठ केलेलं आहे."

"तेच ते."

ही तक्रार होती की थट्टा?

संध्याकाळी अबू नाइफ जीपमागे उभा राहून फोनवर बोलत होता. "हो... नाही, चुकली... हो, सगळं उलटंपालटं... नाही, रडली नाही." पलीकडे बाबा. म्हणजे माझ्यावर पाळत आहे. पहिल्याच दिवशी माझ्या चुका घरी पोचल्या.

५ ऑक्टोबर, रविवार. मादबा

चर्चच्या जमिनीतला तो जुना नकाशा दाखवला. बारीक रंगीत दगडांचा. नदी मृत समुद्राला मिळते तिथे एक मासा उलटा फिरलेला आहे, पुढे खारं पाणी म्हणून. लल्ला बेय्या त्या माशापाशी इतका वेळ थांबल्या की मागे रांग लागली. "हा शहाणा," म्हणाल्या. सी मुख्तार नकाशात कैरुआन शोधत होते. नाही म्हटल्यावर रुसले.

मी बरं काम करते आहे की वाईट, कुणी सांगेल का?

७ ऑक्टोबर, मंगळवार. करक

आज लाज गेली. किल्ल्याच्या तळघरातल्या लांबलचक बोळांतून मी पुढे, ते दोघं मागे. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळले, मग पुन्हा उजवीकडे, आणि समोर भिंत. वर्गासोबत आलो होतो तेव्हा ही भिंत नव्हती, अल्लाची शपथ! अंधार, गारवा, वटवाघळांचा वास. मी काहीतरी बडबडत राहिले की ही कोठारं होती, वगैरे. शेवटी दम संपला. म्हटलं, "रस्ता चुकले."

सी मुख्तार खूश. "चार दिवसांत पहिली खात्रीलायक माहिती मिळाली."

लल्ला बेय्या हसल्या आणि तिथेच एका दगडावर बसल्या. मला म्हणाल्या, "बस. भिंत कुठे पळून जात नाही." मीही बसले आणि का कोण जाणे, आजीची गोष्ट सांगायला लागले. एकदा वादळात तिची बकरी हरवली, तेव्हा तिने पावलं न बघता वाळूचा वास घेऊन ती शोधली होती. ही कुठल्याच पुस्तकात नाही. सी मुख्तारांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

बाहेर आल्यावर लल्ला बेय्यांनी विचारलं, "या फेरीनंतर कुठली फेरी?"

मग माझा बांध फुटला. काका, घरी बसणं, 'मग बघू', सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांपुढे घरचं रडगाणं गाऊ नये, हे वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"आणि तुझ्या बापाचं काय म्हणणं?"

"बाबांचं म्हणणंच नसतं काही."

"हं," म्हणाल्या. एवढंच. मी उगाच तोंड उघडलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

वारा, धूळ. दिवसभर जीपमध्ये. सी मुख्तारांनी एकशे बारा वळणं मोजली. अबू नाइफ म्हणतो एकशे दहा. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

९ ऑक्टोबर, गुरुवार. पेट्रा

घळीतून बाहेर पडताना समोर तो लालसर दगडी दर्शनी भाग दिसतो ना, तिथे मी आज काहीच बोलले नाही. सन नाही, राजा नाही. दोघांना पुढे जाऊ दिलं. सी मुख्तारांनी मोजायला बोट वर केलं आणि ते वरच राहिलं.

मग मी वरचा दगडी रांजण दाखवला. त्यात खजिना आहे अशा समजुतीने आमच्याच लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या होत्या, खुणा अजून आहेत.

"मिळाला?"

"आतून नुसता दगड आहे."

सी मुख्तार हसले! असे हसले की उंटवाले वळून बघायला लागले. म्हणाले, "आमच्या रेल्वेचं असंच होतं." मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

आणि मग वरच्या मठापर्यंत त्यांच्यासोबत आठशेवर पायऱ्या चढताना टाचेला फोड आला आणि डोक्यात नसता किडा शिरला. मला हे खरंच हवंय, की काका नको म्हणतात म्हणून हवंय? समजा काकांनी उद्या 'जा' म्हटलं तर? वर पोचेपर्यंत विचार केला. वर पोचल्यावर इतका वारा होता, आणि खाली सगळी दरी इतकी मोकळी, की उत्तर न देताच मी सी मुख्तारांना पुढची माहिती सांगायला लागले. हेच उत्तर असावं का?

अबू नाइफचा पुन्हा फोन. "हसला... हो, मोठ्याने." मग आवाज खाली गेला आणि पुढचं ऐकू आलं नाही. बरं नव्हे हे. दोन दिवसांनी आम्ही आमच्याच गावात पोचणार आणि बाबांकडे माझ्या चुकांची यादी तयार असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार. रम

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी पाहुण्यांना दऱ्यांतली जुनी अक्षरं दाखवली. ती झाली ठीक. दुपारच्या नमाजानंतर बाबांच्या तंबूत कॉफी. सगळ्या पाहुण्यांची फेरी तिथेच संपते. आत पाऊल टाकलं तर फालेहकाका बसलेले. मानाच्या जागी, हातात माळ. आजच बरे उगवले! बाबा निखाऱ्यापाशी, अबू नाइफ त्यांच्या शेजारी. आई आणि माझी धाकटी बहीण शमा पडद्याआड बायकांच्या बाजूला.

बाबांनी स्वतः कॉफी ओतली. कधी नव्हे ते नवा अंगरखा घातला होता. पहिला पेला स्वतः चाखला, दुसरा लल्ला बेय्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला, छान म्हणून मान हलवली आणि तो इवलासा भरलेला पेला पुढ्यात जमिनीवर ठेवून दिला.

काकांच्या हातातली माळ थांबली.

आमच्यात पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली ठेवला, म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय. मुलीचं लग्न, खुनाची माफी, विहिरीचा हक्क, काहीही. मागणं मान्य होईपर्यंत तो पीत नाही. पाहुणा न पिताच उठला तर त्या घराची अब्रू गेली. यजमान म्हणतो, "प्या, मागाल ते दिलं," आणि एकदा म्हटलं की मग थोरला असो की धाकटा, कुणालाच ते मागे घेता येत नाही. हे आमच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच पाहुण्यांना सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मी पुटपुटले, "लल्ला, प्या. निदान ओठ लावा."

"अगं, डॉक्टरांनी बंद केलीय मला. रक्तदाब."

मी घाईघाईने बाबांना म्हटलं, "बाबा, त्यांना रक्तदाब आहे, त्यांना आपली पद्धत माहीत नाही, तुम्ही..."

"तू मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले. मग कॉफीचं भांडं निखाऱ्यावर ठेवलं, गुडघे दुखत असूनही सरळ बसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहुणीबाई, पेला घ्या. मागाल ते दिलं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सी मुख्तार म्हणाले, "आम्ही काहीच मागितलेलं नाही हो! मी फक्त संडास कुठे आहे एवढं विचारलं होतं, आणि तेही बाहेर." अबू नाइफला खोकला आला.

लल्ला बेय्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं. मग बाबांकडे, बराच वेळ. मग काकांकडे, मग माझ्याकडे. मी कपाळाला हात लावून बसले होते. त्या हळूच मला म्हणाल्या, "काही मागितल्याशिवाय प्यायचं नाही, असं आहे ना?"

मी कशीबशी मान हलवली.

मग त्या बाबांकडे वळून सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलल्या. त्यांची अरबी मला एवढी स्वच्छ कधी कळली नव्हती. "माझ्या दोघी बहिणी वसंतात येणार आहेत. त्यांना ही वाट तुमच्या या मुलीने दाखवायची. त्यांच्यामागून जे येतील त्यांनाही. ती घरी बसणार असेल तर हा पेला इथेच राहू दे."

बाबांनी काडीने निखारा सारखा केला.

बाबा काकांकडे वळले. "दादा, तू थोरला. तू बोल."

काकांच्या तोंडाकडे मला बघवेना. बाबांकडे, पाहुणीकडे, त्या पेल्याकडे, सगळीकडे बघून झालं. "शब्द तू दिलास," ते म्हणाले, "आता मी काय बोलू? माझ्या भावाच्या तंबूतून पाहुणी कोरडी उठेल होय?" आणि मग जवळजवळ ओरडलेच, "प्या बाई, प्या! थंड झाली!"

लल्ला बेय्यांनी एका घोटात पेला रिकामा केला आणि असं तोंड केलं की काय सांगू. पडद्याआडून आईचा आवाज आला, पण ती हसली की रडली कळलं नाही.

मी गाईड आहे. अजूनही. उद्याही. असं का वाटतंय की कुणाच्या तरी चुकीने मिळालं?

१२ ऑक्टोबर, रविवार. रम

रात्रभर एकच विचार. बाबा तीस वर्षं पाहुण्यांना कॉफी देतात. निम्मे पाहुणे ती तशीच ठेवतात. कुणी साखर मागतो, कुणी फोटो काढून सरकवून देतो, एकाने तर त्यात सिगारेट विझवली होती. बाबांनी आजवर एकालाही 'मागाल ते दिलं' म्हटलेलं नाही. पेला उचलायचे, वाळूत ओतायचे, धुवायचे. मग काल काय झालं? वय झालं का? की ती म्हातारी आमच्यासारखीच अरबी, म्हणून गैरसमज झाला?

आणि ते काकांना का विचारलं? शब्द देऊन झाला होता, गप्प बसायचं ना! मला तर वाटलं, काका उठून जातात आता. बाबांनी उगाच आगीशी खेळ केला.

काका आज सकाळी आले नाहीत. बाबा म्हणाले, "येईल. पाय धरीन त्याचे. थोरला आहे." आणि माझ्याशी मात्र नेहमीसारखंच, म्हणजे काहीच नाही. मी रागावू की मिठी मारू?

१३ ऑक्टोबर, सोमवार. अकाबा, मग घरी

पाहुण्यांना विमानतळावर सोडलं. सी मुख्तारांनी त्यांची वही उघडून दाखवली. जेराशचे खांब, करकच्या पायऱ्या, वळणं, सगळे आकडे, आणि शेवटी आजीच्या बकरीची गोष्ट, जशीच्या तशी. "ही मोजता आली नाही," म्हणाले आणि घाईघाईने चष्मा पुसायला लागले.

लल्ला बेय्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, "माफ करा, त्या दिवशी तुम्हाला उगाच अडचणीत टाकलं. माझे बाबा कधी असं करत नाहीत."

"पोरी, चाळीस वर्षं अडलेल्या बायका सोडवल्या मी. कोण अडलंय ते बघताक्षणी कळतं. परवा तिथे तुझा बाप अडला होता."

"बाबांना काय अडचण?"

त्या नुसत्या हसल्या आणि माझा गाल चिमटून आत गेल्या.

परत येताना जीपमध्ये मी अबू नाइफशी भांडले. म्हटलं, रोज फोन करून माझ्या चुका सांगत होतास ना? तो गाडी थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "चुका? अगं, तुझा बाप रोज दोन-दोनदा फोन करायचा. काय बोलली, कशी बोलली, लोक हसले का, जेवली का. मला उलट बोलायला फुरसत नव्हती." मग गाडी पुन्हा सुरू केली. "आणि पेट्राला तर काय विचारावं? म्हातारी कॉफी पिते का म्हणून. मी म्हटलं, थेंबही घेत नाही, डॉक्टरची मनाई आहे. तर म्हणाला, बरं. फालेहला शनिवारी बोलावतो."

माहीत होतं? माहीत असून बाबांनी त्यांना कॉफी दिली? आजारी पाहुणीला? आणि काकांना त्यांनीच बोलावलं होतं?

घरी पोचले ती तशीच बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते उन्हात बसून गुडघ्यांना तेल लावत होते. शमा उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिला अकाबाला नर्सिंग शिकायचंय आणि काकांनी सांगून टाकलंय की पुढच्या वर्षी शाळा पुरे.

"बाबा, लल्ला कॉफी पीत नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाहुणी घरी आली की कॉफी ओततात," बाबा म्हणाले. "पाणी पाजून पाठवू?"

"पण मग..."

"तेल संपलं. आण जरा."

तेल आणून दिलं. मी तिथेच बसले. इतकंच म्हटलं, "बाबा, मला खूप आनंद झालाय." त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं. जरा वेळाने, खाली बघतच, म्हणाले, "तिच्या त्या बहिणी. वसंतात येणाऱ्या. त्या पितात का गं कॉफी?"

"मला काय ठाऊक? बहुतेक त्यांनाही बंदच असेल. आपण चहा करू त्यांच्यासाठी."

"चहाबिहा काही नको," बाबा म्हणाले आणि उंबऱ्यावरच्या शमाकडे बघत गालातल्या गालात हसले.